राखणीची खाट

३ फेब्रुवारी, सोमवार

पाणी कोमट झालंय का ते बोटांनी बघायचं नाही, कोपराने बघायचं. बोटं कामाने निबर झालेली असतात, ती खोटं सांगतात. मग टॉवेल पिळायचा. आधी डोळे, मग तोंड, मग मान. दाढीचा साबण गालावर फार वेळ राहिलेला आमच्या ह्यांना खपायचा नाही. दाढी उरकली की खांद्यामागे एक तळवा आणि कमरेमागे दुसरा धरून डाव्या कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती न् सुरकुती हाताने काढायची, गुडघ्यांमध्ये उशी सारायची. मग चहा, चमच्याने. मग मी पेपर वाचायचे आणि ते डोळ्यांनी हो-नाही म्हणायचे. पुढाऱ्यांच्या बातम्यांना कायम नाही.

आज नव्या नोकरीची जागा बघायला जाताना बसच्या खिडकीशी बसले आणि हीच सकाळ डोळ्यांपुढे आली. तसं त्या सकाळी वेगळं काहीच घडलं नव्हतं. तीन वर्षं रोज हेच होतं. ते गेले तेव्हा अंगावर एक जखम नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, बाई, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची अशी पाठ मी बघितली नाही. त्या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले. पुढे वाटलं, हे येतं आपल्याला, तर हेच करावं. शाळा सातवीत सुटली होती, पण वाचन सुटलं नव्हतं. पुडीचे कागदसुद्धा मी वाचते. बाहेरून परीक्षा दिल्या, नर्सिंगचा कोर्स केला, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी पांढरे बूट घातले.

दोन नोकऱ्या समोर होत्या. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात जा, तिथं हात तयार होतो, पुढं वाव आहे. वृद्धांच्या शुश्रूषागृहात काय शिकणार, तिथून कुणी बरं होऊन घरी जात नाही. वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. एकीने विचारलं, मावशी, तिथं कामाला चाललात की राहायला? मीही हसले. पण खरं सांगायचं तर बऱ्या होणाऱ्या माणसांची मला सवयच नाही. ज्यांना बरं व्हायचं नाही त्यांच्याजवळ काय करायचं ते मला कळतं. म्हणून हेच निवडलं.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, घरचं दुखणं पुरलं नाही वाटतं, आता विकतचं आणायला निघालीस. आम्ही दोघीच राहतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, दोन जिने चढतात, भाजीवाल्याशी भांडून कोथिंबीर फुकट आणतात. मुलगा गेला तो माझ्यामुळे, असं त्यांचं ठाम मत आहे. तू त्याला झोपवून झोपवून मारलंस, म्हणतात. दुःख त्यांचंही आहे, त्यांनी ते माझ्या डोक्यावर ठेवलंय एवढंच.

शुश्रूषागृह मात्र छान आहे. दुमजली, समोर थोडी हिरवळ, खिडक्या मोठ्या, फरशी आरशासारखी. मला बायकांची खोली दिली आहे. सहा खाटा. एक रिकामी, खिडकीजवळची. सगळ्यात चांगली जागा तीच. उद्यापासून कामाला लागायचं. झोप येणार नाही बहुतेक, इतकं बरं वाटतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

आता माणसं कळायला लागली.

इथल्या मुख्य परिचारिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतील. आवाज कधी चढत नाही, आणि तोच त्रास आहे. आज मी एका आजींना भरवत होते, तर मागे उभं राहून म्हणाल्या, घास गिळायची वाट बघत बसलात तर पाचवीला उद्या जेवण मिळेल. बरोबरची परिचारिका आहे तिला मी मनात तुरुतुरू नाव ठेवलंय, कारण चालणं तसं आहे. ती माझ्याकडे बघतच नाही. मी नमस्कार केला तर म्हणाली, टिकलात तर ओळख करून घेऊ.

इथं तासाला नाही, घंटेला महत्त्व आहे. दर दोन तासांनी जिन्याजवळची पितळी घंटा वाजते. ती कुशीची घंटा. ती झाली की अंथरुणावरच्या सगळ्यांची कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी, पाठ. ही पद्धत मला आवडली. जे मी घरात घड्याळ बघून करत होते ते इथं सगळी इमारत एकदम करते.

रिकाम्या खाटेच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या मास्तरीणबाई. कमरेखालचं अंग गेलंय, पण जीभ शाबूत आहे, आणि तिला सगळ्या अंगाचं बळ आलंय. मी चादर ओढत होते तर म्हणाल्या, बिल्ला सरळ लाव, गाढवीण. वय काय तुझं? सांगितलं. म्हणाल्या, म्हणजे नापास होऊन होऊन इथवर आलेली दिसतेस. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

इथं एक रीत आहे. ऐकून गंमत वाटली.

खाट रिकामी ठेवत नाहीत. कुणी गेलं की नवं माणूस येईपर्यंत दुपारच्या वेळी स्टाफपैकी एकाने तिच्यावर थोडा वेळ आडवं व्हायचं. याला खाट राखणं म्हणतात. मोठ्या बाईंनी अगदी सरळ आवाजात सांगितलं, औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं. म्हणे, खाट गार पडली की शेजारचं माणूस जातं. आमचा अनुभव आहे. सगळ्यात नवीन असेल तिने राखायची. फक्त एक लक्षात ठेवा, पाठीवरच पडायचं, आणि घंटा झाली तरी कूस बदलायची नाही.

मी विचारलं, का? म्हणाल्या, तुम्ही पेशंट आहात का?

प्रत्येक धंद्यात असतंच असलं काहीतरी. कोर्सला असताना एक सिस्टर म्हणायच्या, ड्युटीवर आज शांत आहे असं म्हणायचं नाही, लगेच गर्दी होते. तसंच हे. नव्या सुनेला पाणी भरायला लावतात तसं नव्या परिचारिकेला झोपायला लावतात, आणखी काय! पडत्या फळाची आज्ञा म्हणून मी बूट काढले.

गादी मऊ होती. छतावर ओलीचा एक डाग आहे, बसलेल्या कुत्र्यासारखा. मी तो बघत पडले. घंटा झाली. पडूनच राहिले. उठले तेव्हा मास्तरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, आवडली का जागा?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहावं की नाही असं वाटत होतं. पण वहीशी खोटं बोलून काय मिळवायचं?

आज सकाळपासून क्षणाची उसंत नव्हती. दोघींची आंघोळ, एकीची उलटी. वर तुरुतुरूने तिच्या वाटणीची बेडपॅन माझ्याकडे ढकलली. दुपारी खाटेवर पडले आणि डोळा लागला. अर्धवट झोपेत घंटा ऐकली. आणि माझ्या खांद्यामागे एक हात आला. दुसरा कमरेमागे. दोन्ही तळवे सपाट, बोटं न रुतवता. ओढणं नाही, ढकलणं नाही. ज्याला वळवायचं त्याला आधी कळू द्यायचं, मग वळवायचं. मी पाय दुमडला, जसा दुमडायला आपणच सांगतो, आणि वळले. डाव्या कुशीवर. गुडघ्यांमध्ये उशी सारली गेली.

डोळे उघडले तर मागे कुणी नव्हतं. तुरुतुरू खोलीच्या त्या टोकाला होती. उशी मात्र होती.

हात ओळखीचा नव्हता. पद्धत माझी होती.

घाबरायला हवं होतं. पण मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. ते गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागलेला नाही. कोण लावणार? सासूबाई? आपण दिवसभर इतक्यांना हात लावतो, आणि आपल्याला लावणारं कुणी नाही, हे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, वळलीस ना? बस आता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रोज वळते. आता झोप लागायची वाट बघत नाही. जेवण लवकर उरकते आणि जाऊन पडते. घंटा होईपर्यंत छातीत धडधडतं, लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांच्या सायकलची घंटी ऐकून व्हायचं तसं. आणि मग तो हात.

तुरुतुरूला कळलंय. ती आज पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, अहो, नका वळू. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, तुम्ही का नाही राखत मग? ती गेली निघून.

माकडहाडाजवळ थोडं हुळहुळतंय. बसचं सीट कडक असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आंघोळीला दोन आरसे धरून बघितलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला. निरोगी कातडी दाबली की पांढरी पडते आणि परत लाल होते. ही पांढरी पडली नाही.

हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. बेडसोरची पहिली पायरी. महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाला होतो. मी दिवसभर उभी असते. उभ्या माणसाला हा होत नाही. कसा होईल?

दोन्ही टाचा बघितल्या. त्याही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ठरवलं की आज खाटेवर पडायचं नाही. जेवणाच्या खोलीतच बसून राहिले. घंटा झाली. माझं अंग खुर्चीवरून आपोआप डावीकडे गेलं आणि मी जमिनीवर पडले. कोपर फुटलं. मोठ्या बाई आल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तुरुतुरूला म्हणाल्या, हिला खुर्चीवर एकटं का ठेवलं?

हिला. समोर बसलेल्या माणसाबद्दल आपण असं कधी बोलतो ते मला माहीत आहे. आजींनी जेवण केलं का, आजींना आज शी झाली का. आजी समोर असतात, कान असतात त्यांना. मीही बोललेय असं.

जेवणाच्या खोलीतली माझी खुर्ची संध्याकाळी नव्हती. बूट शोधले, तर ते रहिवाशांच्या कपाटात ठेवलेले. वर खाटेचा नंबर चिकटवलेला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काल रात्री सरळ झोपले होते. सकाळी डाव्या कुशीवर जाग आली. माझ्या घरात, माझ्या अंथरुणात. गुडघ्यांमध्ये उशी. सासूबाईंना विचारलं, तुम्ही ठेवलीत का? म्हणाल्या, मला दुसरी कामं नाहीत का?

आज रजा टाकली आणि हॉस्पिटलात गेले. लहान मुलांच्या वॉर्डातली जागा अजून आहे, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. इस्त्रीची साडी, प्रमाणपत्रं पिशवीत. माझा नंबर आला. आत गेले, नमस्कार केला. टेबलामागची बाई माझ्यामागे बघायला लागली. दारावरच्या शिपायाला म्हणाली, ह्या आजींबरोबर कोण आलंय? मी म्हटलं, मी एकटी आले, मी नोकरीसाठी आले. तिने मान डोलावली, गोड हसली, आणि शिपायाला म्हणाली, त्यांना पाणी द्या, आणि घरच्या कुणाला तरी शोधा.

तेवढ्यात दोन वाजले असावेत, कुशीच्या घंटेची वेळ. मी तिच्या टेबलाची कड घट्ट धरली. धरूनही वळले.

१ मार्च, शनिवार

मास्तरीणबाईंना विचारलं. हात जोडले.

म्हणाल्या, आता आलीस शिकायला? तुझ्याआधी त्या खाटेवर होती ती काय स्ट्रेचरवरून आली होती? आपल्या पायांनी आली होती. पांढरे बूट, बिल्ला, तुझ्यासारखीच गुणाची. पहिले दोन महिने तिनेच मला पुसलं. मग वर्षानुवर्षं तिलाच इतरांनी पुसलं. शेवटी तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण घंटा झाली की पाय बरोबर दुमडायची.

मी विचारलं, सुटका? मग म्हणाल्या, खाटेला माणूस लागतं. ते तूच पाहिजेस असं काही नाही. तुझ्या शब्दावर विसंबून जे आपणहून आडवं होईल आणि घंटेला वळेल, ते चालतं. आहे का तुझ्या शब्दावर आडवं होणारं कुणी? नसेलच. असतं तर दुसऱ्यांच्या अंथरुणात हात शोधत आली असतीस का?

मग म्हणाल्या, माझी कूस बदल, घंटा झाली. मला उठताच आलं नाही.

३ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंना जाब विचारला. शांतपणे ऐकून घेतलं. नाकारलं नाही. म्हणाल्या, खाट मोकळी राहिली तर मास्तरीणबाई जातील, मग त्यांच्या शेजारची, मग पुढची. पाच जणींचा जीव की एकीचा? मी झोपू म्हणता? मग इमारत कोण चालवणार? वाईट वाटून घेऊ नका, आम्ही तुमची पाठ चांगली ठेवू.

मग माझी हनुवटी पुसली. ओली होती. मला कळलंच नव्हतं.

५ मार्च, बुधवार

डाग फुटला. आता जखम.

जिना चढताना कठडा धरावा लागतो. दोनदा बसले. शब्द — जीभ जड. बसवाल्याने मला हात धरून उतरवलं.

वाचायला बसले तर ओळ सरकते. वाचन गेलं तर काय राहिलं माझं?

मला झोपायचं नाही. एवढंच. मला उभं राहायचं आहे. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं ही आता कोपऱ्यात बसेल, आणि मी नाही बसले. चाळिशी ओलांडून मुलींच्या बाकावर बसले. हे कुणी देऊ केलं नव्हतं. हे मी घेतलं. ते मी —

६ मार्च, गुरुवार

सासूबाईंनी जखम बघितली. साडी नेसताना मी भिंतीला टेकले होते, त्या आत आल्या.

लगेच सुरू झाल्या. कुणी केलं हे? नर्स ना तू? लाज नाही वाटत? शिव्या देत देत पाणी तापवलं. कोपराने बघितलं. मीठ घालून जखम धुतली, मलम लावलं. बोटं रुतली नाहीत. मी कधी शिकवलं नव्हतं त्यांना. त्या दाराआडून बघत असणार, तीन वर्षं.

मग म्हणाल्या, त्याच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. मी बघितली होती, त्याला नेताना. तुला सांगितलं नाही कधी.

मी साडी नेसून पुरी केली.

म्हणाल्या, उद्या मी येते तुझ्याबरोबर. त्या मोठ्या बाईचं तोंड बघायचंय मला. माझ्या सुनेची ही अवस्था करते म्हणजे काय? आमचं आम्ही भांडू, बाहेरच्यांनी हात लावायचा नाही.

मी म्हटलं, नका येऊ, आई.

एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. जीभ जड होती, असं मी लिहू शकते. तितकी नव्हती.

६ मार्च, नंतर

त्या पलीकडे घोरताहेत. चपला पुसून दाराशी ठेवल्यात. भांडायला जायची तयारी.

त्यांना सगळं सांगायचं. सकाळी पहिलं काम. दाराला कुलूप लावून त्यांना घरातच —

माझा उजवा पाय बोटांपर्यंत बधिर आहे.

अठ्ठ्याहत्तर वर्षं चालल्या त्या. मी सेहेचाळीस.

असा हिशेब करायचा नाही. नाही करायचा.

८ मार्च, शनिवार

पाय हलतो. सकाळी दोन जिने उतरले आणि परत चढले. कठडा धरला नाही. जखमेची कड सुकली आहे. पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. घरात कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने वाचला.

कालचं लिहायचं आहे.

बसमधून उतरून चढण आहे, ती त्या एका दमात चढल्या. मला हाताला धरून. मोठ्या बाई बैठकीत होत्या, थांबा म्हणाल्या. सासूबाईंनी तुरुतुरूला चार गोष्टी सुनावल्या, मास्तरीणबाईंनाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, हिच्या शब्दावर आलात का? सासूबाई म्हणाल्या, माझी सून आहे, मी कुणाच्या शब्दावर येऊ मग? मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

सासूबाई घामाघूम झाल्या होत्या. बसायला जागा शोधत होत्या. खुर्ची नव्हती. खुर्ची बाहेर होती, मी आणू शकले असते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आई, जरा पडा इथं. खिडकीजवळ वारा आहे.

त्यांनी चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या, आणि पडल्या. म्हणाल्या, पाचच मिनिटं हं, मग बघते तिच्याकडे. गादी छान आहे गं.

मग घंटा झाली, आणि मी त्यांच्या मागच्या बाजूला जाऊन खांद्यामागे एक तळवा आणि कमरेमागे दुसरा धरला, आणि त्यांनी पाय दुमडला.